‘नेटवर काहीच नाही ओ, मॅडम’

आमच्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात एक संगणक आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं त्यावर बसतात आणि थोड्या थोड्या वेळानं हाक येते, ‘मॅडम, नेटवर काहीच नाही ओ.’ जाऊन बघावं तर शोधपट्टीत आख्खा प्रश्न: ‘डॉक्टर कोटणीस चीनला का गेले होते मराठी माहिती सांगा’.

सोलापूरहून पुण्याला गाडी किती वाजता, असल्या प्रश्नांना गुगल सांभाळून घेतं. जरा खोलातलं हवं असेल तर मात्र प्रश्न विचारायचा नसतो. ज्यानं ते पान लिहिलं, त्यानं कोणते शब्द वापरले असतील ते टाइप करायचे.

कोटणीस सोलापूरचेच. १९१० साली इथं जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. नुसतं त्यांचं नाव टाकलं की व्ही. शांतारामांचा त्यांच्यावरचा १९४६ चा सिनेमा आडवा येतो. ‘सिनेमा’ आणि ‘चित्रपट’ या शब्दांच्या आधी उणे चिन्ह चिकटवलं, मध्ये जागा न सोडता, तर ती पानं गळतात. पण जिथं सिनेमाचा ओझरता उल्लेख आहे, ती चांगली पानंही त्याबरोबर जातात. म्हणून मला दुसरी युक्ती आवडते: ‘कोटणीस अटल चोळकर १९३८’. अटल आणि चोळकर हे त्याच पथकातले डॉक्टर. त्यांची नावं ज्या पानावर आहेत, ते पान सहसा पथकाबद्दलच बोलत असतं. हिंदीत ‘कोटनीस’ लिहितात, तेही करून बघावं. चीनमध्ये ते ‘के दीहुआ’ म्हणून ओळखले जातात. विकिपीडियावरून त्या नावाची चिनी अक्षरं उचलून शोधपट्टीत टाकली की चिनी पानांचा ढीग पडतो, आणि ब्राउझर त्यांचं कामचलाऊ भाषांतरही करून देतो.

आपल्या गावाचंही असंच. मे १९३० मधला मार्शल लॉ शोधायचा तर इंग्रजीत ‘शोलापूर’ लिहा, एसपुढे एच लावून. १८८४ चं गॅझेटियर त्याच नावानं छापलंय, आणि इंग्रजांचे कागदही तेच लिहितात. नुसतं लिहिलं तर गुगल शहाणपणा करून आजचं सोलापूर मिसळतं. एकट्या शब्दालाही दुहेरी अवतरणचिन्हं घातली की गुमान तोच शब्द शोधतं. शेजारचा जिल्हा २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव, पण त्याआधीचे कागद उस्मानाबादचेच. दोन्ही नावं लिहून मध्ये इंग्रजी ‘ऑर’ मोठ्या लिपीत टाकावा.

सोलापुरी चादरीचा इतिहास शोधणाऱ्यांपुढे दुकानंच दुकानं येतात. ‘हातमाग’, ‘पद्मशाली’ (विणकर समाज), ‘पूर्व भाग’ (त्यांची वस्ती) हे शब्द जोडले की विक्रेते मागे पडतात. सरकारी कागद हवे असतील तर इंग्रजीत ‘साइट’, लगेच कोलन आणि ‘गव्ह डॉट इन’ लिहावं. ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ जोडलं की उरतात फक्त पीडीएफ.

एवढं करूनही मराठीत एक अडचण उरतेच. आपल्या कित्येक पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत बहुधा इंग्रजी अक्षरांचा काला असतो. ‘चादर’ शोधून ती फाइल जन्मात सापडायची नाही. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं दुखणं वेगळं. इंटरनेट आर्काइव्हवर मराठी पुस्तकं ढिगानं आहेत, पण बऱ्याच ठिकाणी शीर्षक इंग्रजी अक्षरांत आणि स्पेलिंग ज्यानं नोंद केली त्याच्या मर्जीचं. ‘इतिहास’ एकाकडे एकाच ‘ए’नं, दुसऱ्याकडे दोन ‘ए’ घालून. तिथं मजकुरातला शब्द टाकण्यात बहुधा अर्थ नसतो. शीर्षकातला एकच ठळक शब्द घ्यायचा, दोन-तीन स्पेलिंगांनी फिरवायचा, लेखकाचं आडनाव जोडायचं. फाइल मिळाली की उतरवून घ्यायची आणि अनुक्रमणिका सरळ डोळ्यांनी वाचायची.