जुन्या गाण्याचे पैसे कुणाला?

काशीदच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात ‘मी डोलकर’ वाजतं, तेव्हा त्या एका गाण्याचे धनी अनेक असतात. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असते.

स्ट्रीमिंगमध्ये दर गाण्याचा भाव आधी ठरलेला नसतो. कोकणातल्या रापणीच्या सामूहिक मासेमारीसारखे वाटे पडतात: वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एकत्र जमतं, सेवा आपला हिस्सा काढते, उरलेलं ज्याचं गाणं जितकं ऐकलं गेलं त्या प्रमाणात विभागलं जातं. मोठा भाग ध्वनिमुद्रणाच्या मालकाला मिळतो. गायकापर्यंत किती पोहोचतं, हे त्याच्या जुन्या करारावर ठरतं आणि तिथेच खरी मेख आहे. पूर्वी बहुतेक पार्श्वगायक एकरकमी मानधन घेऊन मोकळे होत. लताबाईंनी १९६०च्या दशकात रॉयल्टीचा आग्रह धरला, तो मोहम्मद रफींना मान्य नव्हता.

भारतात २०१२च्या कॉपीराइट कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, गायकांनाही व्यावसायिक वापरात वाटा दिला. हॉटेलात गाणी वाजवायला वेगळा परवाना लागतो. घरगुती वर्गणी तिथे चालत नाही.

अमेरिकेत तर साध्या रेडिओवर गायकाला काहीच मिळत नाही. ‘रिस्पेक्ट’ गाजवलं अरीथा फ्रँकलिननं, रेडिओची रॉयल्टी गेली ते लिहिणाऱ्या ओटिस रेडिंगच्या खात्यात. म्हणूनच जुन्या गायकांची मदार जलशांवर असते: तिथलं मानधन थेट हाती पडतं.