‘ते’ म्हणजे नेमके कोण?

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचे वडील वारस नोंदीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. अर्ज एका कार्यालयातून परत आला होता. त्यात वाक्य होते : “माझे वडील व चुलते यांची जमीन सामाईक होती. ते वारल्यानंतर सातबारावर माझे नाव लागले नाही.” तेथील कारकुनाने ‘ते’भोवती पेन्सिलीने गोल काढून समासात लिहिले होते, ‘कोण?’ वाक्य शुद्ध होते, परंतु वडील वारले, चुलते वारले की दोघेही, याचा उलगडा त्यातून होत नव्हता. एकट्या वडिलांविषयी आदराने लिहिले तरी ‘ते’ आणि दोघांविषयी लिहिले तरी ‘ते’च. चुलते हयात होते. त्या एका अक्षरापायी अर्जदाराच्या दोन खेपा वाया गेल्या. मी इतिहासाचा शिक्षक. व्याकरण हा माझा प्रांत नव्हे. परंतु त्या दिवसापासून सर्वनामांकडे मी अधिक सावधपणे पाहू लागलो.

नामाऐवजी येतो तो शब्द म्हणजे सर्वनाम. पाली व्याकरणात त्याला ‘सब्बनाम’ म्हणतात. ‘सर्वांचे नाम’ हा त्याचा शब्दशः अर्थ मला फार अन्वर्थक वाटतो, कारण त्याला स्वतःचा असा ठरलेला अर्थ नसतो. ज्या नामाची जागा ते घेते, त्याचा अर्थ ते उसना घेते. मराठीत मूळ सर्वनामे नऊ : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यांपैकी तो, हा, जो ही तीनच लिंगानुसार बदलतात. ती आपल्या मूळ नामाचे लिंग व वचन घेतात. म्हणून शाळा ‘ती’, फळा ‘तो’, वसतिगृह ‘ते’. विभक्ती मात्र मूळ नामाकडून येत नाही. “वसतिगृह जुने होते, त्याला नवे छप्पर घातले” या वाक्यात ‘त्याला’चे लिंग वसतिगृहाने दिले आणि ‘ला’ हा प्रत्यय त्या सर्वनामाच्या स्वतःच्या वाक्यातील कामाने दिला. हे लिंगही नामाचे असते, माणसाचे नव्हे. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे मिशीवाल्या गृहस्थांनाही व्यक्ती म्हटले की पुढे ‘तिला’ म्हणणे भाग पडते.

लिंग आणि वचन यांच्या या खुणांवरून वाचक सर्वनामाचा माग काढीत मूळ नामापर्यंत जातो. अडचण अशी, की खुणा थोड्या आहेत. ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचनही आहे, पुल्लिंगी अनेकवचनही आहे आणि आदरार्थी एकवचनही आहे. ‘ती’ मुलगीही असते आणि ‘ती’ मुलेही असतात. ‘त्यांना’ म्हटले की लिंग पूर्णच पुसले जाते. तेव्हा खूण सापडत नसेल, तेथे नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीला शाळेत दोष मानतात, परंतु खरेदीखत लिहिणारे लेखक तो दोष पिढ्यानपिढ्या समजून-उमजून करीत आले आहेत. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द त्या कागदात ओळीओळीला येतात. तेथे ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ लिहिले, तर शेत कोणाचे कोणाकडे गेले हे नातवंडांना कोर्टातच कळायचे!

आता आदरार्थी ‘ते’विषयी. इंग्रजीत ‘ही’ या एकाच सर्वनामात राजाही मावतो आणि त्याच्या दाराशी उभा असलेला माणूसही. मराठीत तसे नाही. येथे माणसाविषयी बोलायला तोंड उघडले, की ‘तो’ की ‘ते’ हे आधी ठरवावे लागते. तटस्थ जागा भाषेने ठेवलेलीच नाही. आमच्या आज्या-आजोबांच्या पिढीला पांढरे केस झाल्यावरही गावातल्या पोरासोरांकडून ‘तू’ ऐकून घ्यावे लागले. त्यात व्याकरणाची चूक कोणालाही दाखवता आली नसती. इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला हे रोज दिसते. सरदार आला की ‘ते’, आणि त्याच्यासाठी लढून मेलेला शिपाई ‘तो’. मुलांना हे कोणी शिकवलेले नसते. पुस्तकांतून, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ते आपोआप उतरते. नाव ठाऊक असलेल्या प्रत्येक माणसाला ‘ते’ किंवा ‘त्या’ लिहावे, मग तो कोणत्याही कामाचा असो, असा नियम मी वर्गापुरता केला आहे.

त्या नियमालाही एक अपवाद मी सोडतो, आणि त्यावरून पालकांशी माझा वादही झाला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत दाखल झालेला लहानगा भिवा ‘तो’ की ‘ते’? मुले येथे हमखास अडखळतात. पालक म्हणतात, बाबासाहेबांना ‘तो’ कसे म्हणता? त्यांची भावना मला समजते. तथापि वर्गाबाहेर बसणाऱ्या, तहान लागली तरी स्वतः पाणी घेऊ न शकणाऱ्या मुलाला ‘ते’ म्हटले, तर मूल दिसेनासे होते आणि पुतळाच दिसू लागतो. आमच्या वसतिगृहातील दहा वर्षांच्या मुलाला त्या मुलाशेजारी बसता यावे, म्हणून मी तेवढ्यापुरते ‘तो’ चालवून घेतो.

‘आपण’ हे सर्वनाम निराळ्या जातकुळीचे आहे. “मुख्याध्यापकांनी शिक्षकांना आपल्या खोलीत बोलावले” म्हटले, तर खोली मुख्याध्यापकांची. कारण आत्मवाचक सर्वनाम वाक्याच्या कर्त्याकडे वळते. “त्यांच्या खोलीत” म्हटले, तर खोली शिक्षकांची असू शकते किंवा तिसऱ्याच कोणाची. हा ‘आपण’ मूळचा संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृतातील ‘अप्प’ या रूपावरून आलेला. पालीत त्याचा भाऊ ‘अत्त’. अनात्मवाद सांगणाऱ्या तथागतांनी ‘अत्तदीप’ व्हा असे कसे सांगितले, हा प्रश्न धम्मवर्गात अनेकदा येतो. तेथे ‘अत्त’ म्हणजे आत्मा नावाची वस्तू नव्हे, तर ‘स्वतः’ हे आत्मवाचक सर्वनाम आहे. ऐकणारा जो असेल, तो स्वतः. प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण त्याचे उत्तर व्याकरणातच मिळते.

‘मी’ या सर्वनामाला तर मागे नाम शोधावेच लागत नाही. उच्चारणारा हाच त्याचा अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ‘मी’ म्हणून घ्यायच्या आहेत. त्या दिवशी लाखो लोकांनी एकच शब्द उच्चारला, आणि त्याचे अर्थ लाखो झाले. ‘मानणार नाही’, ‘करणार नाही’ या रूपांत पुरुष आणि स्त्री असा भेदही उरत नाही.

संविधानाच्या उद्देशिकेत मात्र ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. आमच्या परिपाठात ती रोज म्हटली जाते. एकदा सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. मग येथे ‘आपण’ का नाही?” प्रश्न अचूक होता. “आम्ही जालन्याला चाललो” याचा अर्थ तुम्ही येत नाही. “आपण जालन्याला जाऊ” याचा अर्थ तुम्हीही चला. इंग्रजीतील ‘वुई’ हा भेद करीत नाही. मराठीत मात्र दोहोंतून एक निवडावेच लागते. ‘आपण’मध्ये दुसरा धोका आहे : तो आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो, “आपण बसावे” यातल्यासारखा. शिवाय ‘आम्ही’ला येथे एकटे सोडलेले नाही. सर्वनाम आधी आले असले, तरी त्याचे मूळ नाम एका स्वल्पविरामानंतर लगेच येते : भारताचे लोक. एवढे मोठे नाम जोडल्यावर देशातला कोणीही ऐकणारा बाहेर उरत नाही. म्हणणारी ती मुलगीही त्यातच आहे.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानसभेत ह. वि. कामत यांनी या ‘आम्ही’च्या आधी ईश्वराचे नाव घालण्याची सूचना मांडली होती, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत काही शब्द वाढले, सर्वनामे मात्र जशीच्या तशी राहिली. नागरिकांच्या आधी ‘त्याच्या’ येते, ते भारताकडे पाहते की गणराज्याकडे? भारत पुल्लिंगी, गणराज्य नपुंसकलिंगी, आणि ‘त्याच्या’ हे रूप दोघांनाही चालते. परंतु भारताचेच गणराज्य घडवायचे असल्यामुळे येथे कोणताही अर्थ घेतला, तरी हक्क कोणाचा बुडत नाही. त्यानंतरचे ‘त्या सर्वांमध्ये’ नागरिकांकडे जाते. आणि अगदी शेवटी येते ‘स्वतःप्रत’. आत्मवाचक सर्वनाम कर्त्याकडे वळते, हा वरचाच नियम येथे लावला, की मधली सगळी लांबण ओलांडून ते थेट पहिल्या ‘आम्ही’पाशी जाते. देणारे जे, तेच घेणारे. परिपाठात मुले नेमका हाच शब्द घाईने गिळतात, म्हणून त्यांना मी तेथे पुन्हा थांबवतो आणि विचारतो, “स्वतः म्हणजे कोण?”