किलोमागे किती पैलवान?

वडखळ नाक्यावर रस्ता फुटतो. एक फाटा अलिबागला जातो, दुसरा नागोठण्यावरून महाडकडे. दोन्ही अंगांच्या गावांत मैदान म्हटलं की कबड्डीच. मुष्टियुद्धाचं वेड या पट्ट्याला कधी लागलं नाही. तरीही वेगवेगळ्या वजनांच्या खेळाडूंची तुलना कशी करायची, या जगभरच्या मुष्टियुद्धप्रेमींच्या जुन्या भांडणात पेण-रोह्याच्या प्रेक्षकाचा अधिकार मोठा आहे, असं माझं मत आहे. कारण कबड्डीत वरिष्ठ पुरुष गटाला वजनाची रेघ एकच, ८५ किलोची. तिच्या खाली सगळे एका मैदानात. साठ-बासष्ट किलोचा चढाईपटू चौऱ्याऐंशी किलोच्या कोपरारक्षकाच्या हातातून निसटून मध्यरेषेला हात लावतो, तेव्हा ‘वजनाच्या मानाने बरा खेळला’ असं कुणी म्हणत नाही. गुण मिळाला की मिळाला.

मुष्टियुद्धात उलटं आहे. तिथे माणसांना इतकं काटेकोर वेगळं ठेवतात, की एका गटाचा सर्वोत्तम दुसऱ्या गटाच्या सर्वोत्तमाला सहसा भेटतच नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात आज १७ वजनगट आहेत. सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे जेमतेम ४७.६ किलो. त्यावर १०८, ११२, ११५ असं तीन-चार पौंडांच्या पायऱ्यांनी वर जायचं. १४७ ते १६८ पर्यंत पायऱ्या सहा-आठ पौंडांच्या होतात, १७५ नंतर एकदम २००, आणि त्यापुढे मर्यादाच नाही. सतराच्या सतरा गटांना विजेता असतो, शिवाय किताब देणाऱ्या संघटना चार. त्यामुळे ‘विश्वविजेता’ म्हणवणारे इतके होतात, की त्यांत मोठा कोण हे विचारण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रश्न जुना आहे, पण त्याला आजचं रूप मिळालं ते शुगर रे रॉबिन्सनच्या काळात. सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर सर्वांत भारी कोण, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर १९४० च्या दशकापासून तो होता. १४७ पौंडांच्या गटात तो १९४६ ते १९५१ विजेता होता, मग १६० पौंडांचा किताब त्याने पाच वेळा जिंकला. पण मला पटणारा पुरावा वेगळा आहे, तो जेक लामोट्टाशी झालेल्या सहा लढतींचा. लामोट्टा वरच्या गटाचा. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइटला त्याने रॉबिन्सनला हरवलं, तेव्हा तो सुमारे १६ पौंडांनी जड होता. उरलेल्या पाचही लढती रॉबिन्सनने जिंकल्या. ‘वजन सारखं असतं तर’ हे कल्पनेत धरावं लागलं नाही; वजन सारखं नसतानाच निकाल लागला.

त्याच रॉबिन्सनची हद्दही दिसली. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर तो १७५ पौंडांच्या गटातल्या जोई मॅक्सिमशी भिडला. गुणांत पुढे होता, पण त्या रात्रीचा उकाडा असह्य होता आणि चौदाव्या फेरीला तो स्टुलावरून उठू शकला नाही. उकाडा हे कारण खरंच. पण तेरा फेऱ्या आपल्यापेक्षा जड माणसाचं ओझं अंगावर पेलणं हेही उकाड्याइतकंच खरं कारण असावं, असं मला वाटतं.

वरच्या गटात जाऊन जिंकणं हा निकष धरला, तर मॅनी पॅकियाओच्या पुढे कोण जाईल? १९९८ मध्ये ११२ पौंडांचा किताब आणि २०१० मध्ये १५४ पौंडांचा. मध्ये मिळून आठ गट. किलोत सांगायचं तर ५१ पासून ७० पर्यंत. इथे थोडा हिशेब तपासावा लागतो. त्या आठांपैकी दोन गटांत त्याच्याकडे संघटनेचा किताब नव्हता, ‘गटातल्या खऱ्या विजेत्याला हरवलं’ या मान्यतेवर ते धरले जातात. आणि १५४ पौंडांची ती लढत प्रत्यक्षात १५० ची मर्यादा ठरवून झाली होती. इतकं वजा करूनही उरतं ते अचाट आहे. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये तीन गटांचे किताब एकाच वेळी हातात ठेवले होते, तेही गट मोजके असताना. त्या काळच्या तीन गटांना आजच्या आठांपेक्षा कमी लेखायला मी तयार नाही.

‘द रिंग’ मासिकाने सर्व गटांची मिळून क्रमवारी नियमित छापायला १९८९ मध्ये सुरुवात केली. पहिला क्रमांक माइक टायसनचा. हे चमत्कारिक वाटतं, कारण या क्रमवारीची मांडणीच जड गटाच्या विरोधात असते. सगळ्यांना एका वजनावर आणायचं म्हटलं, की जड माणसाच्या हातातलं हत्यारच काढून घेतल्यासारखं होतं. ओलेक्झांडर उसिकला तिथे मान मिळाला, तो आधी २०१८ मध्ये २०० पौंडांच्या गटातले सगळे किताब घेऊन मग मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीला हरवल्यावर. म्हणजे त्यालाही ‘लहान’ असल्याचंच बक्षीस मिळालं.

वजन सारखं ‘धरायचं’ म्हणजे काय, हे आकड्यांत बघायचं तर मुष्टियुद्ध सोडून वेटलिफ्टिंगकडे जावं लागतं. तिथे लोखंड खोटं बोलत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५, एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला एकूण ४९२ किलो उचलले, तो तेव्हाचा विश्वविक्रम. त्याचं स्वतःचं वजन १८० किलोच्या आसपास. आता दोघांत मोठा कोण? सरळ भागाकार केला, तर संकेतने स्वतःच्या वजनाच्या साडेचार पट उचललं, लाशाने पावणेतीन पटही नाही. मग सांगलीकर जगाचा राजा!

पण भागाकार लबाड आहे. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि वजन घनफळावर. माणूस दुप्पट वजनाचा झाला तरी ताकद दुप्पट होत नाही, साधारण दीडपटीच्या थोडी वर जाते. म्हणून वजनाचा दोन-तृतीयांश घात काढून भागायचा, हा दुसरा रस्ता. त्याने अंतर बरंच कमी होतं, तरी संकेत पुढेच राहतो. तिसरा रस्ता कॅनडाच्या रॉय सिंक्लेअर यांचा. त्यांनी शरीरशास्त्राचा सिद्धांत बाजूला ठेवला आणि प्रत्यक्ष विक्रमांवरून गुणक काढले. २०१७ ते २०२० साठीच्या त्या सूत्रात संकेतचे २४८ म्हणजे अंदाजे ३८५ होतात आणि लाशाचे ४९२ तसेच राहतात. एक प्रश्न, तीन पट्ट्या. पहिल्या दोन म्हणतात संकेत, तिसरी म्हणते लाशा, तेही शंभराहून अधिक किलोंच्या फरकाने. लोखंडाच्या खेळात ही गत, तर जिथे ठोसा चुकवणं हीच निम्मी कला, तिथे सूत्राच्या नादी कोण लागणार?

आता आपल्या मातीत येऊ. महाराष्ट्रात या वादाची खरी जागा मुष्टियुद्ध नाही, कुस्ती आहे. आणि कुस्तीत आपण एक पट्टी निवडून टाकली आहे, ती म्हणजे गदा. १९६१ पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीत ५७, ६१, ६५ असे सगळे गट खेळवले जातात, पण गदा मिळते ती किताबी गटाला, आणि त्या गटात आज वजन ८६ ते १२५ किलो लागतं. म्हणजे ८५ किलोच्या रेघेखाली कबड्डीचं सगळं जग मावतं, तिथून वर गदेचं सुरू होतं. खालच्या गटाच्या सुवर्णपदकाला टाळ्या पडतात. गाव मिरवणूक काढतं. पण बोर्डावर नाव केसरीचं लागतं.

जत्रेच्या मैदानात हे असं नव्हतं. हलगी वाजतेय, पंच दोन पोरांना समोरासमोर उभं करून नुसत्या नजरेने जोड लावतायत. काटा नाही, नोंदवही नाही. वस्ताद बघतो ते नुसतं वजन नव्हे. कुणाची मान किती कसलेली, कुणाचा पट किती झटपट निघतो, कोण दमसासाचा, हेही बघतो. पाच-सहा किलोंनी हलका पण चपळ पोरगा जडाशी लावला, तर लोकही इनाम वाढवतात. ती जोड म्हणजे वजनापलीकडच्या तुलनेचा रोजचा सराव होता. मॅट आली, काटा आला, आणि ते बरंच झालं, कारण जोड लावण्यात पक्षपातही तितकाच चालायचा.

काट्याचं स्वतःचं सोंग मात्र विसरू नये. एखादा मल्ल ५७ किलोचा म्हणजे तो एरवी ५७ किलोचा असतो असं नाही. वजनाच्या दिवशी सकाळी तो तेवढा असतो. पॅरिसला २०२४ मध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलोत पदक घेतलं. विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमसाठी बाद झाली. तेव्हा ‘वजनाच्या मानाने’ म्हणताना कुठलं वजन, काट्यावरचं की आखाड्यातलं, हे आधी ठरवावं. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन आदल्या दिवशी होतं, मध्ये पाणी आणि जेवण पोटात जातं, त्यामुळे रिंगणात समोर उभा राहणारा माणूस काट्यावरच्यापेक्षा चांगलाच जड असतो.

मेरी कोमचं मोठेपण मला या अंगाने दिसतं. सहा विश्वविजेतीपदं तिने ४५, ४६ आणि ४८ किलोंत मिळवली, पण २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गटच ५१ किलोंचा होता. तिला वर चढावं लागलं, आपखुशीने नव्हे. तिथे निकोला अ‍ॅडम्ससमोर ती हरली आणि कांस्य घेऊन आली. अ‍ॅडम्सने पुढे सुवर्ण जिंकलं. हे कांस्य मी तिच्या काही विश्वविजेतीपदांहून वर ठेवतो. वाचकांनी भांडावं.

आढावा लिहायचा तर क्रम लावायलाच हवा. मराठी मल्लांत, सगळ्या वजनांचा मिळून, माझ्या यादीत पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस १९४८ ला लंडनला ५२ किलो गटात सहावा आला. तेव्हा मॅट त्यांच्यासाठी नवीच होती. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्रवासाच्या पैशासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते हरले ते सुवर्णविजेत्या जपानच्या इशीकडून आणि रौप्यविजेत्या सोव्हिएत मल्लाकडून. गटातल्या वरच्या दोघांखेरीज कुणाला ते सापडले नाहीत. आज ते असते आणि नियम आजचेच असते, तर किताबी गटाच्या काट्यावर त्यांना उभंच राहता आलं नसतं.

दुसरे मारुती माने. कवठेपिरानचे माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य घेऊन आले. त्याच स्पर्धेत गणपत आंदळकरांनी त्याहून वरच्या गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य मिळवलं, त्यामुळे दोघांत पुढे-मागे करताना माझाही हात अडखळतो. मानेंच्या गटात चढाओढ जास्त असते, कारण मध्यम-जड वजनात चांगले मल्ल दाट असतात. एवढ्याच कारणाने ते वर, आंदळकर तिसरे.

चौथा नरसिंग यादव. त्याचा ऑलिम्पिक गट ७४ किलोंचा. २०१० ला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१५ ला लास वेगासला जागतिक कांस्य, आणि मधल्या २०११, २०१२, २०१३ अशा सलग तीन वर्षी महाराष्ट्र केसरीची गदा. खाली उतरून जगाशी, वर चढून घरच्या जडांशी, असा दोन्हीकडचा पुरावा इतक्या स्वच्छ स्वरूपात दुसऱ्या मराठी मल्लाने दिल्याचं मला आठवत नाही. रॉबिन्सनचा नियम लावला तर तो तिसराही यायला हवा.

पाचवा राहुल आवारे, पाटोद्याचा. २०१८ ला गोल्ड कोस्टला ५७ किलोत सुवर्ण, २०१९ ला नूर-सुलतानला ६१ किलोत जागतिक कांस्य. गदा नाही आणि त्या वजनात मिळणारही नव्हती. जागतिक पदक असलेला मल्ल आणि केसरी, यांत राज्यात जास्त ओळखलं जाणारं नाव कुणाचं, हे कुठल्याही तालमीत विचारून बघा. सहाव्या जागेसाठी माझ्याकडे तीन नावं आहेत, तिन्ही जड गटांतली, आणि त्यांच्यावर अजून घरात एकमत झालेलं नाही.