क्वीन्स पार्क : दहा चषक, सगळे १८९३ पर्यंतचे

स्थापना : ९ जुलै १८६७, ग्लासगो (स्कॉटलंडमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब). स्कॉटिश चषक : १० वेळा, १८७४ ते १८९३. इंग्लंडचा एफए चषक : १८८४ आणि १८८५ मध्ये उपविजेता.

सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यानंतर सर्वाधिक स्कॉटिश चषक आजही क्वीन्स पार्कच्याच नावावर आहेत. पहिल्या स्पर्धेत जेमतेम सोळा संघ होते, मग या यशाची किंमत ती काय, असा आक्षेप घेता येतो. पण इंग्लंडच्या स्पर्धेत याच क्लबने लागोपाठ दोनदा अंतिम फेरी गाठली आणि दोन्ही वेळा त्याला ब्लॅकबर्न रोव्हर्सनेच अडवले. १८७२ मध्ये इंग्लंडशी झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यातला स्कॉटिश संघही क्वीन्स पार्कच्याच खेळाडूंचा होता. सामना ०-० बरोबरीत सुटला.

चषक थांबले त्याचे मुख्य कारण पैसा. १८९३ मध्ये स्कॉटलंडने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. त्याच वर्षी सेल्टिकला २-१ हरवून मिळवलेला चषक क्वीन्स पार्कचा शेवटचा ठरला. ‘खेळासाठी खेळ’ हे ब्रीद मिरवणारा क्लब हौशीच राहिला. १८९० मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश लीगमध्येही तो १९०० साली उतरला. हा निव्वळ हेका म्हणावा, तर याच हौशी क्लबने १९०३ मध्ये आजचे हॅम्पडेन पार्क हे राष्ट्रीय मैदान उभारले. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि अँडी रॉबर्टसन या नामवंत फुटबॉलपटूंची सुरुवातही इथलीच. सभासदांनी हौशीपणा सोडला तो थेट २०१९ मध्ये. त्यानंतर हॅम्पडेनची मालकीही स्कॉटिश फुटबॉल संघटनेकडे गेली.