आधी सासूबाईंना विचारलं असतं तर...

“ताई, मोबाइल म्हणतोय डावीकडे,” चालकभाऊ म्हणाले आणि आमची जीप वळली. शहाद्याहून आमच्या महिला मंडळाची गाडी महिन्यातून एकदा धडगावच्या पुढे, सातपुड्यातल्या पाड्यांवर जाते. त्या दिवशी परतताना गाडीत आठवा महिना लागलेली एक पावरा सून आणि तिची सासू होती. सुनेचे पाय सुजलेले, डोकं दुखत होतं. तिला धडगावला दवाखान्यात न्यायचं होतं.

अर्ध्या तासाने मोबाइलमधली निळी रेघ ओढ्याशी आली. ओढा दुथडी भरलेला, रेंज नाही, अंधार पडत आलेला. तेव्हा मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, वरच्या शेतातून बैलगाडीची वाट आहे. त्या वाटेने आम्ही रात्री आठला दवाखान्यात पोचलो. बीपी वाढलेलं निघालं. बाळ-बाळंतीण आज सुखरूप आहेत, पण माझी त्या रात्रीची झोप उडाली. मैत्रिणींनो, सासूबाईंना वाट ठाऊक होती, आम्ही विचारलंच नव्हतं!

मग आम्ही नीट बसून विचार केला. भाचा म्हणाला, “मावशी, रेंज गेली तरी जीपीएस चालतं. ते उपग्रहांवर चालतं. रेंज नसली की नकाशा उतरत नाही, म्हणून तो घरीच उतरवून घ्यायचा.” इतकी साधी गोष्ट, पण आम्हाला कुठे माहीत होती? आता निघायच्या आदल्या रात्री गूगल मॅप्समध्ये तो भाग ऑफलाइन साठवतो. दुसऱ्या मोबाइलवर ‘ओसमँड’ घेतलं आहे. त्यात गाडी गेलेल्या वाटेची नोंद ठेवता येते. चांगली वाट सापडली की ती आमचीच होते. वेगळं जीपीएस यंत्र घ्यायचा विचारही झाला, पण दोन मोबाइल आणि गाडीत चार्जर एवढ्यावर आमचं भागतं. मोबाइल काचेपाशी उन्हात ठेवायचा नाही, तापून बंद पडतो. उपग्रह फोनचंही कुणीतरी सुचवलं. पण आपल्या देशात तो सरकारी परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे, हे लक्षात ठेवा.

जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाचा कागदी नकाशा असतो. १:५०,००० प्रमाणात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. चढ-उतार, ओढे सगळं दिसतं, बॅटरी लागत नाही. मात्र नकाशा कधीचा आहे ते आधी बघायचं. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. नर्मदाकाठच्या जुन्या नकाशातल्या कितीतरी वाटा आज पाण्याखाली आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाड्यावरून निघताना तिथल्या बाईला विचारायचं, “वहिनी, ओढ्याला पाणी किती? गाडी जाईल का?” रोज डोक्यावर पाणी वाहणारीला जे कळतं ते उपग्रहाला कुठून कळणार? घरी एकीकडे वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवायची, म्हणजे उशीर झाला तर शोधायला कुठे यायचं ते कळतं.

आता त्या सासूबाई गाडीत असल्या की पुढे चालकभाऊंच्या शेजारी बसतात. मोबाइल माझ्या हातात असतो. दोघींचं जमलं, तरच गाडी वळते.