सूक्ष्मप्रवाही विक्रियकातील वर्णपटीय निरीक्षण

एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या नलिकांतून वाहणाऱ्या द्रवांतील रासायनिक विक्रिया प्रकाशाच्या साहाय्याने जागच्या जागी तपासण्याची पद्धती. पिंपरी येथे १९५५ साली सुरू झालेल्या पेनिसिलीन-उत्पादनासारखी किण्वनक्रिया मोठ्या पात्रांत कित्येक दिवस चालते. तिचा नमुना वेळोवेळी काढून तपासता येतो. सूक्ष्म नलिकेतील विक्रिया मात्र काही सेकंदांत पुरी होऊ शकते व बाहेर काढलेला नमुना तपासणीपूर्वीच बदलतो. म्हणून काचतंतूने आणलेला प्रकाश नलिकेतून पाठवून कोणत्या तरंगलांबीचे किती शोषण झाले, हे वर्णपटमापकाने नोंदवितात. लँबर्ट-बेअर नियमानुसार शोषणमान हे विद्रावाची संहती व प्रकाशमार्गाची लांबी यांच्या सम प्रमाणात असते. मार्ग १० मिमी. ऐवजी ०·१ मिमी. असल्यास ते शंभरपट घटते. हीच मुख्य अडचण होय. त्यामुळे प्रकाश आडवा न पाठविता नलिकेच्या लांबीच्या दिशेने पाठवितात.

चांदीचे अतिसूक्ष्म कण (नॅनोकण) सु. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तीव्रतेने शोषतात. कण मोठे झाल्यास शोषणशिखर दीर्घ तरंगलांबीकडे सरकते व प्रवाहाचा वेग किंवा तापमान तत्काळ बदलता येते. पिंपरी-चिंचवडपासून जवळच, पुण्यातील पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) सूक्ष्मविक्रियक व अखंड प्रवाही उत्पादन यांवर संशोधन झाले आहे.