बंदिस्त सापांचे आजार : ओळख व उपचार (नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात)

भारतीय जातींच्या सापांबाबत ‘पाळीव साप’ ही संज्ञा कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. नाग, धामण, अजगर, मांडूळ आदी साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असून ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या साइट्स करारात समाविष्ट विदेशी सापांची नोंदणीही 2024 च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. तथापि साप माणसाच्या ताब्यात येतात, ही वस्तुस्थिती उरतेच. गारुड्याच्या टोपलीतील नाग, गुप्तधनाच्या लोभाने मडक्यात दडवलेले मांडूळ, शेतातील जाळीत अडकून जखमी झालेली धामण ही त्याची परिचित रूपे होत. ग्रामीण भागात असा साप पुष्कळदा महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात आणला जातो. वनविभागाच्या हाती तो सुपूर्द होईपर्यंतचे काही तास निर्णायक असतात. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने सापांच्या प्रमुख व्याधींचा विचार केला आहे.

साप शीतरक्ताचा प्राणी आहे, हे विधान पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. त्याचा वैद्यकीय अर्थ मात्र क्वचितच ध्यानात घेतला जातो. सापाचे पचन, रोगप्रतिकार आणि औषधाचे शरीरातील वहन या तिन्ही क्रिया बाह्य उष्णतेवर अवलंबून असतात. बहुतेक भारतीय सापांना सुमारे 28 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मानवते. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात तापीकाठच्या सपाटीवर पारा 40 अंशांच्या वर जातो, तर हिवाळ्यात सातपुड्यातील तोरणमाळ, डाब परिसरात कडाक्याची थंडी पडते. मोकळा साप बिळात शिरून दोन्हींपासून बचाव करतो. बरणीतल्या सापाला ती सोय नसते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला साप काही तासांत दगावू शकतो आणि जानेवारीत थंड फरशीवर ठेवलेल्या सापाला श्वसनविकार जडतो. म्हणून पहिला उपचार औषधाचा नव्हे, तर जागेचा. सावलीतील हवेशीर पेटी, एका बाजूला सौम्य ऊब, दुसरी बाजू थंड, पाण्याचे भांडे आणि लपण्यास आडोसा, एवढ्याने पुष्कळ काम होते.

रोग लपविणे हा सापाचा स्वभावधर्म आहे. त्यामुळे लक्षणे दिसतात तेव्हा आजार बळावलेला असतो. श्वसनविकारात तोंडाशी फेस किंवा बुडबुडे दिसतात, श्वासाला घरघर येते, साप डोके उंच धरून तोंड उघडे ठेवतो. सापाला श्वासपटल नसल्याने तो खोकून कफ बाहेर टाकू शकत नाही. साधा वाटणारा संसर्ग त्यामुळेच फुप्फुसदाहापर्यंत जातो. मुखदाहात हिरड्यांवर तांबडे ठिपके उमटतात व पुढे पिवळसर, पनीरासारखा घट्ट पू साचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसल्याने तो आपोआप वाहून जात नाही. पशुवैद्यकाने तो काढून जखम स्वच्छ करणे आवश्यक ठरते. जबड्यात टाके घातलेल्या वा दात उपटलेल्या नागांत ही व्याधी उद्भवणे मुळीच नवलाचे नाही.

याउलट काही गोष्टी आजार नसतात. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळसर होतात; त्याला आंधळेपणा समजून औषध घालू नये. काही आठवड्यांचा उपासही बहुधा निरुपद्रवी असतो. कात तुकड्यातुकड्यांनी निघत असेल, तर मात्र आर्द्रता कमी आहे किंवा शरीरात पाणी कमी आहे, असे समजावे. ओलसर कापडाच्या घड्यांत साप काही काळ ठेवल्यास ती सुटते. डोळ्यावरील पापुद्रा चिमट्याने ओढल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो. खवल्यांखाली रुतलेल्या गोचिडी चिमट्याने मुळाशी धरून काढता येतात. परंतु बिनविषारी सापाखेरीज कोणावरही हा प्रयोग अननुभवी व्यक्तीने करू नये.

नागपंचमीच्या दुधाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. दूध सापाचे अन्न नाही, ते त्याला पचत नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो आणि तोच द्रव श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसदाह होतो. श्रद्धेच्या नावाखाली सापाला दिला जाणारा हा आजारच होय.

औषधयोजना सर्वस्वी पशुवैद्यकाची. गुरांच्या मात्रेवरून सापाची मात्रा काढण्याचा मोह घातक ठरतो. सेफ्टाझिडीमसारखे प्रतिजैविक सापाला साधारणतः 72 तासांतून एकदा दिले जाते. शरीरात पाणी कमी असताना जेन्टामायसीनसारखी औषधे मूत्रपिंड निकामी करतात. इंजेक्शन शरीराच्या पुढील तिसऱ्या भागात देण्याचा प्रघात आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालये असलेली मुंबई, परभणी, नागपूर ही ठिकाणे अक्कलकुवा-धडगावपासून फार दूर असल्याने तालुक्याच्या पशुवैद्यकाने तेथील तज्ज्ञांशी दूरध्वनीवरून संपर्क ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

साप हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम विद्यार्थ्यांना सक्तीचा असावा, कारण निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. बरा झालेला साप वनविभागामार्फत, पकडला त्याच परिसरात आणि दिवसा उबेच्या वेळी सोडावा. थंडीच्या रात्री अनोळखी रानात सोडलेल्या सापाला बीळ शोधण्याइतकीही हालचाल करता येत नाही.